शनिवारचं घर

मदत करताना आपण फोटो काढतो, स्टेटस टाकतो आणि मस्त हलकं वाटत घरी येतो. पण घेणाऱ्याला काय वाटतं? एका साध्या असाइनमेंटच्या निमित्तानं मला माझ्याच घरातली एक जुनी गोष्ट सापडली.

‘‘दिवाळी जवळ आलीय. चॅरिटीवर काहीतरी दे ना. हलकंफुलकं, फील-गुड टाइप. हजार शब्द आणि दोन फोटो. शुक्रवारपर्यंत.’’

एडिटरचा फोन. सणासुदीच्या आधी आलेल्या कामाला ‘नाही’ म्हणणं फ्रीलान्सरला परवडत नसतं. मी ‘डन’ म्हटलं आणि फोन ठेवायच्या आत डोक्यात हेडिंगही तयार झालं, ‘चला, आनंद वाटू या!’ मास कॉममध्ये दोन वर्षं घालवल्याचा एवढा तरी फायदा.

विषय सोपा होता. माझी एक मैत्रीण हिंजवडीतल्या आयटी कंपनीत आहे. तिच्या ऑफिसातली पंधरा-वीस मुलं-मुली दिवाळीच्या आधी पैसे गोळा करतात आणि एखाद्या वस्तीत किराण्याचे किट वाटतात. चांगली मुलं आहेत हं. रविवारची झोप सोडून सकाळी सात वाजता टेम्पोत पिठाची पोती चढवणारी मुलं वाईट कशी असतील? मीही त्यांच्याबरोबर गेले. किटमध्ये पाच किलो पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेलाची पिशवी, साखर, रवा आणि मोती साबणाची एक वडी. साबण कुणाच्या डोक्यातून आला विचारलं, तर एक जण म्हणाला, ‘‘अगं, त्याशिवाय दिवाळी वाटतच नाही.’’ मला तो मुलगा तिथल्या तिथे आवडला.

वस्तीत रांग लागली होती. बायकाच जास्त. माझ्या गळ्यात कॅमेरा. एकेकीनं पुढे यायचं, पिशवी घ्यायची, देणाऱ्यानं आणि घेणारीनं कॅमेऱ्याकडे बघायचं, क्लिक. नेक्स्ट. बारा-पंधरा जणी झाल्या असतील. मग एक बाई आल्या, साधारण पस्तिशीच्या. पिशवी हातात घेतली आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, ‘‘ताई, फोटो कुठं टाकणार?’’

‘‘कुठं नाही हो. रेकॉर्डसाठी फक्त.’’ हे मी इतक्या सहज म्हटलं, की क्षणभर मलाच खरं वाटलं.

‘‘तसं नाही. पोरगी नववीला हाय. तिच्या वर्गात सगळ्यांकडं मोबाइल हायेत.’’

मागून आमच्यातला एक जण म्हणाला, ‘‘मावशी, डोनर्सना प्रूफ द्यावं लागतं. दोन सेकंद.’’ बाईंनी वाद घातला नाही. पिशवी जरा वर धरली. मी क्लिक केलं. नेक्स्ट.

रात्री लॅपटॉपवर फोटो निवडायला बसले, तेव्हा तो फोटो समोर आला. पिशवी त्यांनी बरोबर चेहऱ्यासमोर धरली होती. फोटोत दोन हात होते, हिरव्या बांगड्या होत्या आणि चेहऱ्याच्या जागी कंपनीचा लोगो.

मी लॅपटॉप मिटला. कारण असा एक फोटो आमचाही आहे. घरात नाही, पण कुणाकुणाच्या फोनमध्ये अजून असेल.

व्हॅनकाका

माझे बाबा स्कूल व्हॅन चालवतात. सिंहगड रोडवर, दोन फेऱ्या, तेव्हा सोळा मुलं होती. मुलांचे ते ‘व्हॅनकाका’. कुणाला खिडकी हवी असते, कुणाला उलटी होते, कोण रोज डबा व्हॅनमध्येच विसरतं, हे सगळं त्यांना पाठ.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. पंधरा-वीस दिवसांचा प्रश्न आहे असंच सगळ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात पुण्यातल्या लहान मुलांच्या शाळा नीट सुरू व्हायला २०२२ उजाडलं. व्हॅन बिल्डिंगखाली उभी. तिच्या कर्जाचे हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलता आले, पण व्याज काही थांबलं नव्हतं. मी तेव्हा तेवीस वर्षांची, पहिल्या नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. मे महिन्यात एका व्हिडिओ कॉलवर ती गेली. कॉल चार मिनिटांचा होता. मी नंतर लॉगमध्ये बघितलं.

त्याआधी, एप्रिलच्या शेवटी, आमच्या भागातल्या एका भाऊंची माणसं किट घेऊन दारात आली होती. बाबा म्हणाले, ‘‘आमचं चाललंय हो. ज्याला गरज आहे त्याला द्या.’’ आतून आईचा आवाज आला, ‘‘घ्या.’’ एवढंच. बाबांनी पिशवी घेतली. पिशवीवर भाऊंचा हात जोडलेला फोटो होता. त्या पिशवीसकट बाबांचा फोटो निघाला आणि संध्याकाळपर्यंत एरियातल्या सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुप्सवर फिरला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या फोनवर एक व्हॉइस मेसेज आला. व्हॅनमधली दुसरीतली एक चिमुरडी. ‘‘व्हॅनकाका, मी तुमचा फोटो बघितलाऽऽ!’’ तिला केवढा आनंद झाला होता. तिचे काका फोटोत दिसले होते ना. बाबांनी तो मेसेज दोनदा ऐकला आणि फोन उलटा ठेवून दिला. बॅटरी उतरू नये म्हणून ते रोज सकाळी खाली जाऊन व्हॅन दहा मिनिटं सुरू करायचे. त्यानंतर तीन दिवस ते खाली गेले नाहीत.

पिठाच्या पोळ्या झाल्या. डाळ शिजली. पिशवी आईनं उलटी केली, छापलेली बाजू आत, आणि त्यात कांदे भरले. ती पिशवी अजून आमच्या गॅलरीत आहे.

जूनमध्ये व्हॅनमधल्या एका मुलाच्या आईचा फोन आला. त्या कुठल्याशा कंपनीत एचआरमध्ये होत्या. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांना वाटलं, फी परत मागतायत.

‘‘काका, आम्ही काही पालकांनी ठरवलंय. फी थांबवायची नाही. पूर्ण नाही जमणार, पण निम्मी देऊ.’’

‘‘मॅडम, गाडीच चालत नाही तर पैसे कसले?’’

‘‘सीटचे. उद्या शाळा सुरू झाली आणि तुम्ही आमच्या मुलाची सीट दुसऱ्याला दिलीत तर आम्ही कुठे जायचं? सीट बुक करून ठेवतोय आम्ही.’’

बाबा गप्प. मग म्हणाले, ‘‘सीट नाही जाणार कुठे.’’ आवाज थोडा वेगळा होता.

सोळापैकी नऊ घरं या ‘बुकिंग’मध्ये होती. महिन्याच्या पाच तारखेच्या आत पैसे यायचे. कुणी ‘मिळाले का’ म्हणून फोन केला नाही, कुणी ‘काळजी घ्या काका’ असंही लिहिलं नाही. फोनवर टिंग वाजायचं, बाबा चष्मा लावून मेसेज वाचायचे आणि वहीत तारीख टाकून लिहायचे. वर्षभरानं नवाची पाच घरं झाली, कारण पगार तर त्यांच्याही घरी कापले गेले होते. पण पाच तारीख चुकली नाही.

मधल्या काळात बाबा डिलिव्हरीचं काम शोधत शहरभर फिरत होते. एकदा दुपारी घरी आले आणि म्हणाले, ‘‘जेवून आलो. शिवभोजन.’’ ही थाळी २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांत सुरू झाली होती आणि लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांना केली गेली. आईचा चेहरा उतरला. बाबा म्हणाले, ‘‘अगं, पाच रुपये देऊन जेवलो. गिऱ्हाईक म्हणून.’’ पाच रुपयांत जेवण येत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण त्या पाचाच्या नाण्यानं त्यांची मान ताठ राहिली होती.

आता एक प्रामाणिक कबुली. त्या एचआरवाल्या मॅडमना आमची परिस्थिती कळली कशी? त्याच फोटोवरून. म्हणजे ज्या फोटोनं बाबा तीन दिवस घरात बसले, त्यानंच पुढचं वर्ष निभावलं. त्यामुळे ‘गुपचूप द्या, कुणाला कळू देऊ नका’ असं साधंसोपं ज्ञान मी देणार नाही. गरज कुणालातरी कळावी लागतेच. पण कळल्यावर एकानं फोटो काढला आणि दुसरीनं सीट बुक केली. फरक तिथे आहे.

सहा घरं आणि एक उपास

सीट बुकिंगचा किस्सा बाबांनी आजोबांना सांगितला. आजोबा तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे. कानानं कमी ऐकायचे, पण हे त्यांनी नीट ऐकलं आणि म्हणाले, ‘‘अरे, हे तर वार लावणं झालं!’’

वार लावणं म्हणजे काय, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. मलाही फक्त ऐकून माहीत होतं. गावाकडून पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायचा. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. म्हणून वार. ज्यांना वार मिळत नसे ते झोळी घेऊन दारोदार मधुकरी मागत. आजोबा १९४६ मध्ये गुहागरकडच्या एका खेड्यातून पुण्यात आले, तेव्हा तेरा वर्षांचे होते. वाड्यातल्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहायचे आणि वारानं जेवायचे.

‘‘सोमवारी वकिलांकडे. भात भरपूर, पण घरात कुणी बोलायचं नाही. मंगळवारी मास्तरांकडे. ते जेवताना पाढे विचारायचे. चुकलं तरी वाढायचं थांबत नसत, पण घास उतरायचा नाही. गुरुवारी माझं पान मागच्या पडवीत असायचं, घरातल्या मुलांबरोबर नाही. शुक्रवारच्या घरातला मुलगा माझ्याच वर्गात. तो शाळेत कधी बोलला नाही त्याबद्दल, पण मला वाटायचं, आज बोलेल. रविवारी गोड असायचं.’’

‘‘आणि बुधवारी?’’

‘‘बुधवारी एक म्हातारी बाई होती. एकटी. पापड लाटून पोट भरायची. तिच्याकडे पिठलं आणि भाकरी, बास. पण बाकीच्या घरी गेलं की म्हणायचे, ‘आलास? बस.’ ही म्हणायची, ‘उशीर का झाला रे? भूक लागली असेल.’ आणि पान वाढायच्या आधी हक्कानं सांगायची, ‘जा, नळावरून दोन बादल्या आण.’ मी पाणी आणायचो. त्यामुळे तिच्याकडे जेवताना मला लाज वाटायची नाही.’’

मी बोटं मोजत होते. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, रवी. ‘‘आजोबा, शनिवार राहिला.’’

आता सांगायला हवं, आजोबांचा शनिवारचा उपास आमच्या नातेवाइकांत फेमस होता. मारुतीचा कडक उपास. दिवसभर पाण्यावर, रात्री वरणभात. लग्न असो, बारसं असो, शनिवारी आजोबांच्या पानात काही पडायचं नाही. आम्ही पोरं त्यांना बजरंगबलीचे भक्त समजायचो.

आजोबा म्हणाले, ‘‘शनिवारचं घर मिळालंच नाही मला. चार वर्षांत नाही मिळालं. मग विचारलं कुणी तर सांगायचो, मारुतीचा उपास आहे. बरं पडायचं. पुढे सवय झाली.’’

ते अगदी सहज बोलले. जणू चहात साखर कमी आहे एवढंच सांगत होते. बाबांना चोपन्न वर्षांत हे माहीत नव्हतं.

आणि मग मला शनिवारचे दादा आठवले. मी लहान असताना दर शनिवारी दुपारी आमच्याकडे कुणीतरी एक मुलगा जेवायला असायचा. आजोबा पोस्टात होते. तिथल्या शिपायाचा मुलगा, नंतर नगरहून आयटीआयला आलेला एक जण, नंतर आणखी कुणी. नावं बदलत गेली, आम्ही सगळ्यांना ‘शनिवारचा दादा’च म्हणायचो. आजी स्वयंपाक करायची आणि आजोबा, स्वतः उपाशी, समोर बसून वाढायचे. मला ते विचित्र वाटायचं. २००९ मध्ये आजी गेली आणि ते थांबलं. आम्ही कुणी कधी विचारलंच नाही, की शनिवारच का.

मूठभर धान्य

तुम्ही म्हणाल, वा, काय ते जुने दिवस! थांबा. हे सगळं फार गोडगोड करून चालणार नाही. आमचं घर ब्राह्मणाचं, म्हणून आजोबांसाठी पेठेतली ती सहा दारं तरी उघडली. वार आणि मधुकरी बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांना ब्राह्मणांच्याच घरी मिळायची. त्याच वयाच्या, त्याहून हुशार किती मुलांना सातही दिवस घर नव्हतं, हे आजोबांनाही ठाऊक होतं.

ज्यांना हे दिसलं त्यांनी वेगळी दारं उघडली. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात जे बोर्डिंग काढलं, त्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवायला बसवली. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण मला त्याहून आवडतो तो त्यांचा मुष्टिफंड. रोज स्वयंपाकाच्या वेळी गृहिणीनं एक मूठ धान्य बाजूला काढून ठेवायचं आणि ते बोर्डिंगच्या मुलांसाठी द्यायचं. एका मुठीनं कुणाचं घर रिकामं होत नाही, पण रोजच्या मुठींवर एक पंगत उठते. आणि ती मुलं आयतं खात नव्हती. ‘कमवा आणि शिका’ हे कर्मवीरांचंच सूत्र.

पुण्यातही वाराची सोय पुढे संस्थांनी उचलली. १९०९ मध्ये सुरू झालेलं अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचं पुणे विद्यार्थी गृह, सुरुवातीला मधुकरीवरच चालायचं. १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. खेड्यातून आलेल्या मुलामुलींना तिथे राहायला-जेवायला मिळतं आणि त्याबरोबर वसतिगृहातली कामंही करावी लागतात. बुधवारच्या आजीच्या दोन बादल्या आठवल्या ना? तोच फंडा. १९९९ मध्ये ‘गूंज’ सुरू करणारे अंशू गुप्ता तरी वेगळं काय करतात? गावकऱ्यांनी विहीर खणायची, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घ्यायचे. म्हणजे घेणारा घरी काय सांगतो? ‘मिळाले’ नाही, ‘कमावले.’

याउलट आपली ‘माणुसकीची भिंत’ बघा. इराणमधून २०१५ च्या शेवटी ही आयडिया जगभर पसरली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत अशा भिंती उभ्या राहिल्या. नको असेल ते टांगा, हवं असेल ते न्या. कुणी विचारणारा नाही, फोटो काढणारा नाही. कल्पना नंबर वन. पण मी एकदा अशा भिंतीसमोर अर्धा तास उभी होते. तिथे काय टांगलेलं होतं? चेन तुटलेली जीन्स, एका कंपनीच्या अॅन्युअल डेचे टी-शर्ट आणि एकाच पायाची सँडल. आपण भिंतीला माणुसकी म्हटलं आणि तिच्यावर घरची अडगळ टांगली.

मग करायचं काय?

फार नाही. मी एक्स्पर्ट नाही, फक्त घेणाऱ्या बाजूनं दीड वर्ष काढलेली मुलगी आहे. त्या अनुभवावर चार गोष्टी सांगते.

एक, दिवस ठरवा. आपण मदत करतो ती मूड आला की. वाढदिवस, दिवाळी, एखादा रडवणारा व्हिडिओ. पण भूक मूडवर येत नाही, फी टर्मच्या टर्मला येते. एकदम पाच हजार देऊन मोकळं होण्यापेक्षा पाच तारखेला न चुकता पाचशे द्या. आम्हाला त्या पैशांइतकाच आधार ‘पाच तारखेला येतील’ या खात्रीचा होता. त्या खात्रीवर आई किराणा भरायची.

दोन, विचारा. रवा-साखर देताना ज्याच्या घरी गॅस संपलाय त्याचं काय? आमच्याकडे त्या वर्षी तीन ठिकाणांहून पीठ आलं. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या कुणाच्याच किटमध्ये नव्हत्या. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे किंवा मेडिकलमध्ये एखाद्या घराच्या नावावर पैसे जमा करून ठेवता येतात. ते घर जाऊन आपल्याला हवं ते उचलतं, रांग नाही, टेम्पो नाही. दुकानदाराशिवाय कुणाला कळतही नाही.

तीन, माहिती द्या. हे तर फुकट आहे आणि इंटरनेटवर दिवसभर पडीक असणाऱ्या आपल्याला सहज जमण्यासारखं आहे. उदाहरण देते. महाराष्ट्रात धर्मादाय ट्रस्टच्या हॉस्पिटल्सना दहा टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवावे लागतात. मुंबई हायकोर्टाच्या आदेशानुसार २००६ पासून ही योजना लागू आहे आणि त्यासाठी हॉस्पिटलला बिलांच्या रकमेतले दोन टक्के वेगळ्या फंडात टाकावे लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या समाजसेवकाला भेटायचं, तिथे दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसात जायचं. आपल्या ऑफिसातले सिक्युरिटीवाले काका, घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताई यांच्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? दागिने गहाण ठेवायच्या आधी कुणीतरी त्यांच्याबरोबर त्या खिडकीपर्यंत गेलं पाहिजे. एक हाफ डे टाका.

चार, फोटो. मी त्या ग्रुपच्या लीडरला सोमवारी फोन केला. वस्तीतले फोटो वापरू नका म्हटलं. तो वैतागला आणि त्याचंही बरोबर होतं. ‘‘अगं, लोकांचे पैसे आहेत. उद्या कुणी विचारलं, खरंच वाटलंत का, तर काय दाखवू?’’ हिशोब दाखवायलाच हवा, प्रश्नच नाही. आम्ही पाऊण तास बोललो. शेवटी असं ठरलं की दुकानाची बिलं, टेम्पोत भरलेली पोती, किती घरं झाली तो आकडा, एवढं डोनर्सना पाठवायचं. चेहरे नाहीत. पिशवीवर लोगोही नाही. ‘‘बघू, डोनर्स काय म्हणतात,’’ असं म्हणून त्यानं फोन ठेवला. बुधवारी त्याचा मेसेज आला. एकाच डोनरनं फोटो मागितले होते. ‘त्यांना बिल पाठवलं,’ पुढे स्मायली.

वहीतल्या सीटा

फेब्रुवारी २०२२ मध्ये बाबांची व्हॅन पुन्हा नेमानं धावायला लागली. पहिल्या दिवशी त्यांनी वही काढली आणि नऊ घरांचा हिशोब केला. त्यांचं म्हणणं, जेवढे पैसे घेतले तेवढी फी आता कापून घ्यायची. एचआरवाल्या मॅडम म्हणाल्या, ‘‘काका, रिझर्व्हेशनचे पैसे रिफंड होत नसतात.’’ बाबा हसले, पण त्यांच्या डोक्यातून हिशोब गेला नव्हता.

त्या सोळांतल्या एका घरातले वडील दुसऱ्या लाटेत गेले होते. आईनं दोन्ही मुलांची व्हॅन बंद करते म्हणून निरोप पाठवला. बाबा त्यांच्या घरी गेले नाहीत, काही बोललेही नाहीत. शाळा सुरू झाली त्या सकाळी नेहमीच्या वेळी त्यांच्या गेटपाशी व्हॅन उभी केली आणि हॉर्न वाजवला. मी नंतर वही बघितली. त्या दोन नावांसमोर फीच्या रकान्यात बाबांनी लिहिलं होतं, ‘सीट बुक’.

त्याच वर्षी पावसाळ्यात आजोबा गेले. शेवटपर्यंत शनिवार सोडला नाही.

आणि आता या आठवड्यातली गोष्ट. परवा, फोटोचं सगळं घडल्यावर, मी घरी आजोबांच्या शनिवारचा विषय काढला. आमच्या बिल्डिंगखाली झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी एक मुलगा काम करतो. बीडकडचा आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, नऱ्ह्यात चौघांत खोली घेऊन राहतो. बाबा उठले, शर्ट घातला आणि खाली गेले. मीही मागोमाग.

‘‘काय रे, शनिवारी आमच्याकडे जेवायला येत जाशील का? दर शनिवारी.’’

मुलगा गोंधळला. आधी ‘नको काका’ म्हणाला. मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, ‘‘काका, शनिवारी मेस असते. रविवारी रात्री बंद असते.’’

बाबा माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्या मनात शनिवार पक्का होता. आजोबांचा शनिवार. माझ्याही मनात तोच होता. खरं सांगू? हेडिंगसुद्धा ठरलं होतं. पण भूक रविवारची होती.

‘‘बरं, मग रविवारी ये,’’ बाबा म्हणाले. ‘‘आणि येताना वरच्या मजल्यावरच्या आजींचा पेपर घेऊन येत जा. त्यांना जिने चढवत नाहीत.’’

‘‘चालेल,’’ तो म्हणाला आणि या वेळी त्यानं मान वर केली.

एडिटरनी हजार शब्द मागितले होते, ते कधीच ओलांडलेत. फोटो दोन मागितले होते. पिठाच्या पोत्यांचा एक पाठवतेय, त्यात मोती साबणाचा खोकाही दिसतो. दुसरा डिलीट केलाय. त्या जागी हवं तर एखादी जाहिरात लावा.